चौदा नंबरची ओल

१

दर गुरुवारी मी विहिरी मोजतो. शहरात माझ्याकडे बेचाळीस विहिरी आहेत. त्यांतल्या सव्वीस कोरड्या पडल्या, तरी त्याही मोजाव्या लागतात, कारण कोरडी आहे हेही लिहून ठेवायचं असतं. एकोणीस वर्षं हेच काम केलं. लग्नाचं राहून गेलं. थोरल्या भावाच्या घरी राहतो.

मोजायची पद्धत साधी आहे. पोलादी टेपच्या खालच्या दोन मीटरना खडू फासायचा, टोकाला वजन लावायचं आणि विहिरीच्या कठड्यावर ठरलेला आकडा येईपर्यंत टेप खाली सोडायचा. वर ओढला की जिथपर्यंत पाणी लागलं तिथपर्यंत खडू गडद दिसतो. कठड्यावरच्या आकड्यातून ती ओल वजा केली की पाणी किती खोल आहे ते कळतं. यात डोळ्यांनी विहिरीत बघायची गरज नसते. मी सहसा बघतही नाही.

एकोणीस वर्षांत आकडे एकाच दिशेला गेले. माझ्या पहिल्या रजिस्टरात आठ मीटरवर पाणी आहे. मग बर्फाच्या कारखान्याने बोअर घेतली. तिने आसपासच्या इमारतींच्या विहिरींचं पाणी ओढलं, म्हणून त्या इमारतींनी आपापल्या बोअर घेतल्या. त्या आटल्या तशा आणखी खोल नेल्या. तळं होतं ते बुजवून गाड्या लावायची जागा केली, त्यामुळे वरचं पाणी जमिनीत जायचं थांबलं. हे सगळं मी दर वर्षी अहवालात लिहिलं. अहवाल कपाटात आहेत. कपाट चांगलं आहे, वाळवी लागलेली नाही.

आता टँकर चौथ्या दिवशी येतो. आमच्या रस्त्यावरची निम्मी घरं कुलूपबंद आहेत. वहिनी ताटं आधी वर्तमानपत्राने पुसते, मग तांब्याभर पाण्यात सगळी मिळून विसळते, आणि ते पाणी संडासाच्या बादलीत जातं. ती कधी कुरकुर करत नाही. कुरकुर केली की घसा कोरडा पडतो, म्हणते.

२

चौदा नंबरची विहीर हॉस्पिटलच्या जुन्या धुलाईघरात आहे, म्हणजे अक्षरशः घराच्या आत. एका लांबट खोलीत, सिमेंटच्या हौदांच्या रांगेपलीकडे, जमिनीलगतच्या बुटक्या कठड्यावर गोल लोखंडी झाकण आहे. खाली एकतीस मीटरवर तळ. सहा वर्षांपूर्वी ती आटली, तेव्हा धुलाईघर बंद झालं. आता हॉस्पिटलच्या चादरी दुसऱ्या शहरात जाऊन धुऊन येतात.

चाव्या इस्त्रीवाल्याकडे असतात. तो इथेच तीस वर्षं इस्त्री करायचा. आता त्याला राखणदार म्हणून ठेवलाय. राखायला काही नाही हे त्यालाही ठाऊक आहे. गुरुवारी सकाळी दहाला तो कुलूप काढतो, आम्ही दोघं मिळून झाकण सरकवतो, मी टेप सोडतो आणि रजिस्टरात ‘कोरडी’ लिहितो. या सगळ्याला चार मिनिटं लागतात.

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी टेप वर आला तेव्हा खडूवर चाळीस सेंटिमीटर ओल होती.

मला पहिल्यांदा माझाच संशय आला. आधीच्या विहिरीत टेप भिजला असेल आणि मी पुसायला विसरलो असेन. पण आधीची तेरा नंबरही कोरडीच होती. फडक्याने टेप पुसला, नवा खडू लावला, पुन्हा सोडला. चाळीस.

इस्त्रीवाल्याने कोपऱ्यातली बादली दोराला बांधून खाली सोडली. तळाला पत्रा आपटल्याचा कोरडा आवाज आला. बादली वर आली ती रिकामी, बाहेरून धुळीने पांढरी.

“तुमचा टेप म्हातारा झाला,” इस्त्रीवाला म्हणाला.

कधी कधी विहिरीच्या भिंतीतून पाझर असतो, जाता जाता टेपला लागतो. पण त्याची ओल तुटक असते, ठिपक्याठिपक्यांची. ही सलग होती. आमच्याकडे नियम असा आहे की टेप सांगेल तेच लिहायचं. बादलीसाठी रजिस्टरात रकानाच नाही. मी ‘पाणी, तीस मीटर साठ’ असं लिहिलं आणि तारीख घातली.

३

पुढच्या गुरुवारी दीड मीटर ओल आली. पाणी एकोणतीस मीटर पन्नासवर. आठवड्यात एक मीटर दहा सेंटिमीटर वर.

मी खडा टाकला. तो खणकन वाजला. दुसरा टाकला, तोही. बादली रिकामी आली. टेप मात्र ओला, आणि पाणी इतकं गार की बोटं आखडली. जिभेला लावून बघितलं. गोड होतं. आमच्याकडे बोअरच्या पाण्याला गेली दहा वर्षं खारट चव आहे, त्यामुळे ते गोड लागलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं.

टेप खिडकीच्या उजेडात धरला. पाण्याने खडू भिजला की ओलीची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ येते. ही सरळ नव्हती. तिथे खडू चार जागी आडवा पुसला गेला होता, मध्ये बारीक पांढऱ्या रेघा ठेवून. पाठीमागच्या बाजूला एकच खूण होती, जरा रुंद.

मी खडू लावलेल्या दुसऱ्या भागावर माझी मूठ आवळली आणि सोडली. खूण तशीच उमटली, फक्त माझी बोटं जाड आहेत.

इस्त्रीवाला हौदाच्या कडेला बसून दात कोरत होता. त्याला मी काही दाखवलं नाही. आपणच टेप गुंडाळताना कुठेतरी पकडला असेल, असं मनाशी म्हटलं. मी टेप नेहमी डाव्या हाताने पकडतो, हे मला घरी पोचल्यावर आठवलं. पाठीमागची ती रुंद खूण उजव्या अंगठ्याची होती.

४

पाणी खात्यातल्या आमच्या साहेबांना आकड्यांत रस नसतो. त्यांना आकड्यांच्या दिशेत असतो. तिसऱ्या आठवड्याचा तक्ता त्यांच्या टेबलावर गेला आणि त्यांनी मला बोलावलं. बसा म्हणाले, जे ते कधी म्हणत नाहीत. तुमच्या एकोणीस वर्षांत वर जाणारा आकडा मी पहिल्यांदा बघतोय, असं म्हणून त्यांनी चौदा नंबरभोवती लाल गोल केला.

मी बादलीचं सांगितलं. ते म्हणाले, बादली हे काही मोजमाप नाही. तळाला गाळ साचला असेल, बादली गाळावर बसत असेल. पाणी गाळाखालून येत असेल. मी म्हटलं, गाळ असता तर टेपचं वजन चिकटून आलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दमलेल्या माणसाने दमलेल्याकडे बघावं तसं, आणि म्हणाले की हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी हात धुवायला पाणी मोजून देतायत. विहीर साफ करून चार हात खोल न्यायची, सोमवारी काम सुरू करायचं, आणि उतरणारा माणूस तुमच्याच घरात आहे ना?

तो माणूस म्हणजे दादा.

५

दादा विहिरी खणायचा. शहरातल्या निम्म्या विहिरींचा तळ त्याच्या पावलांनी बघितलाय. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून त्याच्या कामावर वरून टेप धरायचो. टोक खाली त्याच्या हातात जायचं, तो ते तळाला टेकवून दोनदा ओढायचा, मी कठड्यावरचा आकडा वाचायचो. मोजायची नोकरी मला त्यातूनच लागली. बोअरची यंत्रं आली आणि विहिरी खणणं संपलं. दोन वर्षं तो खिडकीपाशी खुर्चीत बसून असतो. पहार आणि कुदळ पायाशी. दर दोन दिवसांनी कुदळीला धार लावतो. वहिनी मला म्हणते, भाऊजी, धार लावून लावून ती कुदळ चमच्याएवढी होणार एक दिवस.

साहेबांचा निरोप मी पोचवायच्या आधीच त्याला कळला होता. तो उभा होता. दाढी केली होती, म्हणजे अर्धा तांब्या पाणी खर्च केलं होतं, आणि वहिनीने ते करू दिलं होतं.

मी त्याला बसवून सगळं सांगितलं. खडा, बादली, पुसलेल्या खडूवरची चार बोटं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, टेपला घाम आला असेल, इतकी वर्षं काम करतोय बिचारा. वहिनी हसली. मीही हसलो असतो.

“दादा, ती कोरडी आहे. तू उतरू नकोस,” मी म्हटलं.

“मग रजिस्टरात पाणी कोण लिहितंय?”

“मी. पण–”

“बारक्या, तुला खोटं लिहिता येत नाही हे शहराला माहीत आहे. तेवढ्यावरच मला काम मिळालंय.” त्याने कुदळ उचलून भिंतीला टेकवली. “आता तूच ते काढून घेऊ नकोस.”

दोन वर्षं त्याने माझ्या पगारातलं जेवण ज्या पद्धतीने जेवलं होतं, म्हणजे मान वर न करता, ते मी रोज बघितलं होतं.

६

रविवारी दुपारी मी एकटाच धुलाईघरात गेलो. गुरुवार नव्हता, तरी इस्त्रीवाल्याने काही न विचारता चावी दिली. मला वाटत होतं की एकदा तरी टेप कोरडा यावा. म्हणजे तसं लिहीन, साहेबांना दाखवीन, काम थांबेल. दादा रागावेल आणि खुर्चीत परत बसेल. ते मला चालणार होतं.

खोलीत तीनचा उजेड होता. हौदांच्या तळाला साबणाचे जुने कपचे वाळून उकललेले. झाकण एकट्याने सरकवायला वेळ लागला. मग मी टेप सोडायला सुरुवात केली. दहा मीटर, पंधरा, वीस. वजनाचा नेहमीचा ओढा हाताला लागत होता.

चोवीसच्या पुढे तो ओढा गेला. वजन कुठे टेकलं की टेप सैल पडतो, तसं झालं नाही. टेप ताठच होता, पण वजन माझ्या हाताला लागत नव्हतं. घरात भिंत मोजताना आपण टोक समोरच्याच्या हातात देतो आणि तो ते घेऊन चालायला लागतो, तेव्हा हाताला जसं वाटतं तसं. मी टेप सोडणं थांबवलं. माझ्या बोटांमधून तो वीतभर पुढे गेला, हळू, खसकन न ओढता. मग थांबला.

मी विहिरीत बघितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते. एकोणीस वर्षं विहिरीत न बघता काम केलं आणि तेव्हाही बघितलं नाही. रीळ उलटं फिरवलं. टेप मोकळा आला. खडूच्याही वर, तीन मीटरपर्यंत तो ओला होता.

भिंतीच्या कपारीत वजन अडकलं असेल आणि सुटलं असेल. घरी जाताना मी हे कितीदा तरी म्हटलं. खरंही असेल.

७

सोमवारी अकरा वाजता धुलाईघरात आठ माणसं होती. विहिरीतून माणूस वर ओढायची लोखंडी यारी उभी केली होती आणि तिच्या दांड्यावर दोघं जण होते. दोराला दर मीटरवर लाल चिंधी होती. साहेब दारात उभे होते, फोनवर. आधी पेटता कंदील खाली सोडून बघितला. तळापर्यंत जळत राहिला, म्हणजे हवा ठीक होती. कंदिलाच्या उजेडात सगळ्यांनी वाकून बघितलं. मीही बघितलं. तळाला पांढरी धूळ होती आणि माझे दोन खडे.

दादा दोराच्या टोकाला बांधलेल्या झुल्यात बसला, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि मला म्हणाला, वर काय करायचं ते माहीत आहे ना? पस्तीस वर्षांपूर्वी याच सुरात विचारायचा. मी हो म्हटलं.

यारीवाला चिंध्या मोजत होता. एकतिसाव्या चिंधीला दोर सैल झाला आणि खालून दादाचा आवाज आला, पाय टेकले. तळ कुठवर आहे ते आधी मोजून ठेवायचं, म्हणजे किती खणलं ते नंतर कळतं. मी दोराच्या बाजूने टेप सोडला.

बावीसवर तो पकडला गेला. मग दोनदा ओढला गेला. आमच्या नेहमीच्या दोन ओढी.

मी सवयीने कठड्यावरचा आकडा वाचला आणि वहीत लिहिला, बावीस. लिहून झाल्यावर मला कळलं की मी काय लिहिलंय. दादा एकतीसवर होता. टेपचं टोक त्याच्या पायांपासून नऊ मीटर वर होतं.

“ओढा,” मी यारीवाल्याला म्हटलं.

आत्ताच तर उतरला, तो म्हणाला. मी पुन्हा तेच म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, साहेबांनी फोन कानापासून काढला. दोघांनी दांडा फिरवायला घेतला. मी डाव्या हातात टेप धरून होतो. तो ताठ होता. यारीवाला उलटं मोजत होता, तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. पंचवीस. चोवीस. मला टेप सोडून द्यावासा वाटत होता आणि सोडवतही नव्हता, कारण तो ताठ आहे तोवर ते कुठे आहे हे मला कळत होतं.

तेवीसला दांडा अडखळला. बावीसला टेप सरकला. सावकाश, बाजूच्या भिंतीकडे, जिन्यात समोरून कुणी आलं की आपण अंग चोरतो तसा. एकवीस, यारीवाला म्हणाला. वीस.

८

दादा वर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात दोरावर होते. कोरडा होता. भुवयांवर धूळ होती. झुल्यातून उतरून तो हौदाच्या कडेवर बसला आणि इस्त्रीवाल्याने दिलेल्या बाटलीतून दोन घोट प्यायला.

“इतक्यात का ओढलंस?”

मी विचारलं, टेपचं टोक तू कुठे ठेवलंस?

“टेप आलाच कुठे. मी मान वर करून वाट बघत होतो. म्हटलं, याचं वय झालं, विसरला.”

माझ्या हातात टेप अजून भिंतीकडे तिरपा ताणलेला होता. मी तो इस्त्रीवाल्याला दाखवला, कारण कुणीतरी दुसऱ्याने बघावं असं वाटलं. त्याने बघितलं. मग तो उठला आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. मी परत मान फिरवली तेव्हा टेप ताणलेला नव्हता. कठड्यापाशी त्याचा सैल लोंबता बाक आला होता, वीतभर, मग हातभर. खालचं टोक धरून कुणी जवळ आलं की टेपला असाच बाक येतो. मी रीळ खाली ठेवलं. यारीवाल्यांना झाकण लावायला सांगितलं. ते म्हणाले, दादांनी हवा खेळती ठेवायला सांगितलीय. तरी त्यांनी लावलं.

दादा साहेबांना सांगत होता. खाली हात लावला तर धुळीखाली ओल आहे, चांगली गार ओल. तीन-चार हात खणलं की पाणी लागणार. महिन्याभराचं काम आहे. उद्या सातला येतो. साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला. दोन वर्षांत दादाशी कुणी हात मिळवलेला मी बघितला नव्हता.

९

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. दादा अंघोळ न करता, नुसते पाय पुसून जेवायला बसलाय आणि वहिनीला विहिरीचं वर्णन ऐकवतोय. ती ऐकतेय. त्याने मान वर केलेली आहे.

घरी आल्यावर मी त्याला बावीसचं सगळं सांगितलं. दोन ओढी, टेपचं बाजूला सरकणं, कठड्यापाशी आलेला बाक. या वेळी तो हसला नाही. त्याचा माझ्यावर विश्वास आहे, हेच यातलं सगळ्यात वाईट. मग म्हणाला की वर येताना मध्येच एका जागी त्याच्या मानेला गार लागलं होतं, ओल्या कपड्याजवळून गेल्यासारखं, आणि ते त्याला बरं वाटलं होतं.

“मी गेलो नाही तर ते दुसऱ्याला बोलावतील,” तो म्हणाला. “त्याच्यासाठी वर टेप धरायला कोण असेल?”

त्याचं खरं होतं. साहेबांनी यारीवाल्याचा नंबर आधीच लिहून घेतला होता, आणि हॉस्पिटलात हात धुवायला पाणी नाही हेही तितकंच खरं.

मग मी म्हटलं की उद्या आधी मी उतरतो. वहिनीचा हात भांड्यात थांबला.

“तू कधी विहिरीत उतरलायस?” दादाने विचारलं.

“नाही.”

“तुला तर पोहताही येत नाही.”

कोरडी आहे ना, मी म्हटलं, मग पोहायचं कशाला. दादाने मान हलवली आणि थोडं हसला. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. जेवायला बसण्याआधी मात्र उठला, त्याचे जुने विहिरीतले बूट काढले, पंज्यांत कागद कोंबून माझ्या मापाचे केले, आणि दाराशी माझ्या चपलांच्या शेजारी आणून ठेवले.